आध्यात्मिक आरोग्य समिती: सभासद एक

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे.

काल उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी बिशपसाहेबांच्या ऑफिसचं पत्र वाचून दाखवलं. ज्या ल्यूथरन मंडळ्यांची संख्या तीसच्या खाली गेली आहे, त्यांचं 'आध्यात्मिक आरोग्य' तपासणार म्हणे. २० ऑक्टोबरला कोणीतरी येऊन बघून जाणार. आरोग्य बरं नसेल तर आपण नदीपलीकडच्या मोठ्या मंडळीत विलीन, आणि आपल्या चर्चला कुलूप.

आपण एकोणतीस. सात वर्षांपूर्वी चव्वेचाळीस होतो. लोक का गेले हे कोणालाच सांगता येत नाही. मी सात वर्षं मंडळीचा सेक्रेटरी आहे, मलाही सांगता येत नाही.

पत्र वाचून झाल्यावर आपल्यातल्या शिंप्याने विचारलं, चहा ठेवू का. ही यांची तयारी.

मी एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. वडी नुसती हातात घेतली की पास का रिजेक्ट ते कळायचं. माणसं साबणापेक्षा अवघड नसतात, फक्त एका साच्यातली नसतात.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना. मंडळीचं आरोग्य सात आठवड्यांत सुधारणं. कोणावर रागावणं नाही. शिवाय बाथरूमचा नळ गळतो, तो प्लंबरला दाखवणं (हे सर्वांत शेवटी. आपला प्लंबर तोच आपला ऑर्गनवादक, आणि त्याचं माझं जमत नाही).

आज सहाला उठलो. पण ते संकल्प लिहिण्याआधी.

३ सप्टेंबर, मंगळवार

पाळकसाहेबांना भेटलो. गुडघ्याला पट्टी बांधून टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होते. म्हटलं, एक आध्यात्मिक आरोग्य समिती नेमली पाहिजे. म्हणाले, बरं. सभासद कोण, विचारलं. म्हटलं, सध्या मी. म्हणाले, मग मीटिंगला फारसा वाद होणार नाही.

मनमोकळा पाठिंबा मिळाला.

५ सप्टेंबर, गुरुवार

चार्ट तयार. एकोणतीस नावं, पाच रकाने: हजेरी, प्रार्थना, गायन, संदेश ऐकताना जागेपणा, नम्रता. प्रत्येकी दहा मार्क. स्वतःला नम्रतेत नऊ दिले. दहा देणं नम्रतेला धरून झालं नसतं.

बायकोला एकूण एकतीस. कमी वाटले, पण घरचा माणूस म्हणून सूट देणाऱ्यातला मी नव्हे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ही कुठेतरी जाते, त्या वेळात प्रार्थना होऊ शकली असती. हिला मार्क सांगितले. ती म्हणाली, पासिंग किती आहे?

८ सप्टेंबर, रविवार. दुपारी

आज पहिलं निरीक्षण. पुढच्या बाकावर माझी जागा आहे तिथूनच, पण मान वळवून.

शिंपी संदेशाच्या सातव्या मिनिटाला झोपला. माझ्या बरोब्बर मागे बसून झोपतो, म्हणजे वर हिंमतही आहे. जागेपणा: शून्य.

प्लंबर. मी गीत सुरू केलं की हा ऑर्गनचा आवाज वाढवतो. लोकांना माझा आवाज पोचावा म्हणून मीही वाढवतो. मग तो आणखी. शेवटच्या कडव्याला खिडकीची काच थरथरत होती. नम्रता: दोन. गायनाचे मार्क देता आले नाहीत, बाकी कोणाचा आवाज ऐकूच आला नाही.

मोठ्या बाई (निवृत्त हेडमास्तरीण, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या अध्यक्ष) पापांगीकार म्हणताना खिडकीबाहेर बघत होत्या. विचारलं. म्हणाल्या, माझी पापं मला पाठ आहेत.

११ सप्टेंबर, बुधवार

सोडून गेलेल्यांना परत आणायची मोहीम. आज दंतवैद्य.

पूर्वी हे उपासनेत शास्त्रपाठ वाचायचे. एका रविवारी मी जागेवरूनच त्यांचे तीन उच्चार दुरुस्त केले. पुढच्याच आठवड्यापासून त्यांनी दवाखाना रविवारी सकाळीही उघडा ठेवायला सुरुवात केली. योगायोगाने मंडळीचं केवढं नुकसान होतं.

आत गेलो, विषय काढला. त्यांनी खुर्चीकडे हात केला. म्हणाले, आधी तोंड उघडा, बोलू नका. चाळीस मिनिटं उघडं होतं. मग म्हणाले, आता दोन तास तोंड बंद ठेवा. विषय पुढे सरकला नाही, पण दात स्वच्छ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र वेगळाच आनंद दिसला. माझ्या भेटीने काहीतरी हललं असावं.

१४ सप्टेंबर, शनिवार

लोकरवाल्या बहिणींच्या दुकानात गेलो. दोघी साठीच्या पुढच्या, पूर्वी माझ्याच बाकावर बसायच्या. म्हटलं, परत या, मंडळी बंद पडायची वेळ आली आहे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने विचारलं, तुम्ही अजून पुढच्याच बाकावर बसता का? म्हटलं, अर्थात. धाकटीने विचारलं, आणि अजून गाता? म्हटलं, पूर्वीपेक्षा जोमाने. थोरली म्हणाली, मग बघू.

माझ्या सातत्याचा दोघींवर परिणाम झालेला स्पष्ट दिसला.

तिथून फोटोग्राफरकडे. याच्या बाळाचा बाप्तिस्मा आपल्याकडेच झाला. पुढच्या रविवारी बाळ संदेशात रडलं ते मी घड्याळ लावून मोजलं (चार मिनिटं वीस सेकंद) आणि आई-बापांना कागदावर लिहून दिलं. माहिती असावी म्हणून, दुसरं काही नाही. ते मूल आता चार वर्षांचं आहे. फोटोग्राफर सगळा वेळ माझ्या मनगटाकडे बघत होता. घड्याळ आवडलं असावं.

१६ सप्टेंबर, सोमवार

काल चर्चच्या बोर्डावर चार्ट लावला. लोकांना आपलं स्थान कळल्याशिवाय ते सुधारणार कसे.

आज बघायला गेलो तर बोर्ड रिकामा. मोठ्या बाईंनी काढला. म्हणाल्या, मागची बाजू कोरी आहे, रविवार शाळेच्या मुलांना चित्रं काढायला होईल.

पाळकसाहेबांकडे तक्रार केली. ते म्हणाले, अहो, आपण ल्यूथरन, कमाईवर नाही, देवाच्या कृपेवर तरणारे. आपल्याकडे सगळे ग्रेस मार्कांवरच पास होतात. तुम्हीसुद्धा. मीसुद्धा.

विनोद चांगला आहे. पण चार्टमध्ये बसत नाही.

पहाटे पाचची प्रार्थना: आतापर्यंत एकदा. तीही गजर चुकून लागला म्हणून.

२० सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.४०

समितीतर्फे विशेष प्रार्थनासभा. वेळ दुपारी चार. प्रत्येकाला स्वतः फोन केले होते.

हजेरी: मी. साडेचारला चर्च झाडणाऱ्या मावशी आल्या, म्हणाल्या, पाय वर घ्या. पाय वर घेऊन प्रार्थना केली. पंचवीस मिनिटं. उतरलो तेव्हा एका पायाला मुंग्या.

ही पण आली नाही. शुक्रवार ना. चार्टमध्ये तीन मार्क कापले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

शिंप्याकडे गेलो, झोपेबद्दल दोन शब्द सांगायला. दुकान पुढे, घर मागे. दुकानात नव्हता. मागून बोलणं ऐकू आलं म्हणून आत गेलो. पलंगावर त्याची आई. चार वर्षं अंथरुणाला खिळली आहे हे माहीत होतं, म्हणजे सूचनांमध्ये नाव वाचतो दर रविवारी. आणि उशाशी बसून तिचे केस विंचरत होती ती माझी बायको.

विचारलं, तू इथे कशी? म्हणाली, मंगळवार-शुक्रवार मी येते. सोमवार-गुरुवार मोठ्या बाई. बुधवारी प्लंबर येतो, म्हातारीला ऑर्गनवरची गाणी तोंडाने वाजवून दाखवतो. दोन वर्षं झाली.

मला का नाही सांगितलं? सांगितलं होतं, म्हणाली. तुम्ही बोलत होता.

शिंपी पाणी तापवत होता. पहाटे चारला उठतो असं कळलं. तिला आंघोळ घालून, कूस बदलून, मग दुकान. माझ्यासाठी त्याने स्टूल पुसून दिलं. झोपेबद्दल बोललो नाही. त्या खोलीत जमलं नाही.

येताना हिला म्हटलं, हे चार्टमध्ये कुठल्या रकान्यात घालू? ती म्हणाली, रस्ता बघून चाला.

जागेपणाचे मार्क शून्यावरून चार केले. तत्त्वाचा प्रश्न आहे, जास्त देता येत नाहीत.

२९ सप्टेंबर, रविवार

तीन आठवडे उरले. लक्षात आलं की आरोग्याची खरी खूण म्हणजे गायन. तपासणीला येणारा माणूस (जाडजूड, चष्मा, ब्रीफकेस, असं मला दिसतं आहे) दारातून आत आला की आधी गाणं ऐकणार. आणि आपलं गाणं म्हणजे मी. उद्यापासून रोज पहाटे पाचला रियाज. प्रार्थनेची वेळ फुकट जात होती, तीही कारणी लागेल.

१ ऑक्टोबर, मंगळवार

रियाज दिवस दुसरा. बाथरूममध्ये आवाज घुमतो छान. शेजारी भिंतीवर हाताने ठेका धरतो. त्याच्यात संगीताची आवड आहे हे आज कळलं. ठेका जरा रागीट वाटतो, पण आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

घसा किंचित खरखरतो. तयारीचं लक्षण.

५ ऑक्टोबर, शनिवार

बोलायला गेलो तर बदकासारखं काहीतरी आलं. ही मला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्राला सूज. तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजणंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण पडतो.

हिला फार काळजी वाटली असावी. डॉक्टरांना तिने दोनदा विचारलं, तीनच आठवडे का.

रविवार शाळेतून एक पाटी आणून दिली हिने. लिहून दाखवायचं. आज पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं: मंडळीचं काय होणार? तिने खाली लिहिलं: तुम्ही आराम करा. ती लिहून का उत्तर देते कळलं नाही, तिचा घसा चांगला आहे.

६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी

गेलो. तोंड मिटून बसलो. फार विचित्र वाटलं. गीत सुरू झालं आणि मी नाही.

प्लंबरने सवयीने आवाज वाढवला. मग माझ्याकडे पाहिलं, मी पाटी दाखवली. त्याने आवाज कमी केला. आणखी कमी केला. मग मागून एक आवाज आला. जाड, खालचा, पक्का सुरातला. मान वळवली तर शिंपी. सात वर्षं हा माझ्या पाठीमागे बसतो आणि तो गातो हेच मला माहीत नव्हतं. त्याच्या आवाजाला धरून मग सगळे गायला लागले.

माझ्या सात वर्षांच्या शिकवणीचं हे फळ. मी नसतानाही चाललं, यातच शिक्षकाचं यश असतं.

तरी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. घशामुळे.

९ ऑक्टोबर, बुधवार

भेटायला रीघ. मोठ्या बाई केक घेऊन आल्या. पाळकसाहेब टोमॅटो घेऊन आले. संध्याकाळी शिंपी सूपचा डबा घेऊन आला आणि तासभर बसला. आई कशी होती, बाप लवकर गेल्यावर तिने शिवणयंत्र कसं हप्त्याने आणलं, याचा हात धरून काज करायला कसं शिकवलं, आता ती याला ओळखत नाही आणि 'शिंपीदादा' म्हणते, हे सगळं सांगितलं. मला मध्ये बोलता येत नव्हतं म्हणून पुरं ऐकलं. एरवी तिसऱ्या वाक्याला मी काहीतरी सुचवलं असतं.

तो गेल्यावर पाटीकडे बघत बसलो. 

१३ ऑक्टोबर, रविवार

विजय. लोकरवाल्या बहिणी परत आल्या. माझ्याच बाकावर, दोन्हीकडे एकेक. मला मौन आहे याची दोघींनी हिच्याकडून आधी खात्री करून घेतली, म्हणजे माझ्या तब्येतीची केवढी चौकशी. फोटोग्राफरही आला, बायको आणि मुलासकट. मूल रडलं नाही, पण मोठ्याने विचारलं की त्या आजोबांच्या गळ्यात पाटी का आहे. सगळे हसले. मी घड्याळ बघितलं नाही.

सप्टेंबरातल्या माझ्या भेटींचा परिणाम असा उशिरा दिसतो आहे. बियाणं जमिनीत असतं तेव्हा कोणाला काय कळतं. हिच्या लोकरीच्या दुकानातल्या फेऱ्या मात्र या आठवड्यात तीन झाल्या. विणत तर काही नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शिंप्याची आई परवा गेली. आज मूठमाती.

दफनभूमीत पाळकसाहेबांनी थोडक्यात प्रार्थना केली. प्लंबरने कुठल्याही वाद्याशिवाय गीत सुरू केलं, त्याचाच आवाज फाटला. शिंपी खड्ड्याच्या कडेला उभा होता, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं त्याला. मी जवळ होतो. अशा वेळी मी नेहमी चार शब्द सांगतो. आज पाटी घरी विसरलो होतो. म्हणून त्याचा हात धरला. त्याने सोडला नाही. सगळं होईपर्यंत तसेच उभे राहिलो. सुईने खरखरीत झालेली बोटं.

नंतर तो हिला म्हणाला, ते होते म्हणून धीर आला.

मी तर काहीच केलं नव्हतं. संकल्प: शोकाच्या प्रसंगी वापरायची वाक्यं आधीच लिहून खिशात ठेवणं, म्हणजे पुन्हा अशी तारांबळ होणार नाही.

२० ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३

तपासणी झाली. क्रमाने लिहितो.

सकाळी नऊपासून दारात उभा. बगलेत सेहेचाळीस पानांचा अहवाल, तीन प्रती. ब्रीफकेसवाला येईना. दहाला पाच मिनिटं कमी असताना आत आलो, तर माझ्या जागेवर एक बाई. साधा रेनकोट, पायात सायकल चालवताना बांधतात तसले पट्टे. पाटीवर लिहिलं: ही जागा माझी. त्यांनी वाचलं, सॉरी म्हणाल्या, सरकल्या. आणखी लिहिलं: रेनकोट बाहेर टांगावा. त्यांनी उठून टांगला.

उपासना उत्तम झाली. दंतवैद्यसुद्धा आले होते, दवाखान्यावर 'आज बंद' लावून. त्यांनी शास्त्रपाठ वाचला. दोन उच्चार चुकले. पाटी माझ्या मांडीवर होती, खडू हातात होता, पण लोकरवाल्या थोरलीने खडू काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, आज बिशपसाहेबांच्या ऑफिसातून पाहुण्या आल्या आहेत. आणि रेनकोटवाल्या उठून उभ्या राहिल्या.

चहाच्या वेळी खडू मागून घेतला आणि पाटीवर लिहिलं: मी ओळखलं होतं. त्या हसल्या. अहवाल दिला. त्यांनी चाळला. 'नम्रता' या पानावर जरा जास्त थांबल्या. मग विचारलं, या मंडळीत तुम्हाला काय आवडतं? पाटी लहान. 'सुधारणेला वाव' एवढंच मावलं.

त्या नंतर सगळ्यांशी बोलल्या. प्लंबरशी पंधरा मिनिटं, मोठ्या बाईंशी वीस. हिच्याशी तर सिंकपाशी उभ्या राहून कप विसळत अर्धा तास. दोघी कशाला तरी इतक्या हसल्या की एक बशी फुटली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मौन संपलं. पहिलं वाक्य काय बोलावं यावर दोन दिवस विचार केला होता. प्रत्यक्षात 'टॉवेल कुठे आहे' हे बोललं गेलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

काल उपासनेनंतर बिशपसाहेबांच्या ऑफिसचं पत्र वाचलं गेलं. वाचताना पाळकसाहेबांचा चष्मा दोनदा घसरला. मंडळी राहणार. विलीन करायचं कारण नाही, आरोग्य ठणठणीत. मोठ्या बाई रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. शिंप्याने विचारलं, चहा ठेवू का. या वेळी बरोबर होतं.

माझ्या अहवालाचा पत्रात उल्लेख नाही. सरकारी पद्धतच आहे, श्रेय देत नाहीत.

पण एक परिच्छेद लक्षात घेण्यासारखा. उतरवून घेतला आहे: 'या मंडळीने आपल्यातल्या एका कठीण सभासदाला वर्षानुवर्षं ज्या धीराने आणि प्रेमाने सांभाळलं आहे, ते पाहून मला मोठ्या मंडळ्यांची आठवण झाली आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटलं.'

वाचून झाल्यावर कोणीच वर बघेना. सगळे बुटांकडे.

कठीण सभासद. कोण? हे शोधलं पाहिजे. त्या माणसाला मदतीची गरज आहे. समितीचं काम संपलेलं नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नावांची यादी काढली. पद्धत कारखान्यातलीच: एकेकाला भेटायचं, तपासायचं, नाही वाटलं तर खोडायचं. शेवटी उरेल तो.

पहिला संशय अर्थातच प्लंबर. नळ दाखवायच्या निमित्ताने बोलावला. तो बेसिनखाली आडवा असताना सरळ विचारलं, पत्रातला कठीण माणूस कोण असेल असं तुला वाटतं? त्याने डोकं बाहेर काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हसायला लागला. पाना खाली पडला. डोळे पुसून म्हणाला, कोण असेल बरं. नळ दुरुस्त केला, दोन कप चहा प्यायला, जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं.

माणूस वाटतो तितका वाईट नाही. स्वतःबद्दल असं ऐकूनही हसतो. इतक्या खिलाडू माणसाला कठीण म्हणता येणार नाही. खोडला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

शिंपी: खोडला. प्रश्नच नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, शोधू नका. म्हटलं, त्या माणसाच्या भल्यासाठी शोधतो आहे. म्हणाल्या, त्याचं भलं चाललं आहे. कडक बाई, पण कठीण नाही. खोडल्या.

लोकरवाल्या बहिणींनी तुमच्यासाठी म्हणून मफलर दिला, घशाला. दोघीही खोडल्या. दंतवैद्याने पुन्हा तोंड उघडायला सांगितलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाळकसाहेबांना विचारलं, तुम्हाला तर माहीत असेलच. ते टोमॅटोची वाळलेली रोपं उपटत होते. म्हणाले, माहीत आहे. नाव सांगा, म्हटलं. ते म्हणाले, मला तो आवडतो. एवढंच बोलून गुडघा चोळत बसले.

हे उत्तर नव्हे. खोडले.

९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४

यादी पूर्ण. एकोणतीसपैकी अठ्ठावीस खोडले. परत आलेलेही सगळे खोडले.

एक नाव उरलं. मोजणीत चूक.

पुन्हा मोजलं.

एकतीस वर्षांत माझी मोजणी कधी चुकली नाही. यादी घेऊन हिच्याकडे गेलो. ती भाजी चिरत होती. यादी समोर ठेवली. तिने वाचली. सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि कागदाची घडी घालून डब्याखाली सरकवला. म्हणाली, अहो, थोडं खाऊन घ्या, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

खाल्लं.

१० नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.४५

हिला म्हटलं, आज मी नदीपलीकडे जातो. ती हो म्हणाली. मफलर दिला.

बसने गेलो. इमारत भव्य. चारेकशे माणसं. ऑर्गन खरा, पाइपांचा, भिंतभर. घसा आता ठीक आहे, सगळा आवाज लावला. एकानेही मान वळवली नाही. शास्त्रपाठ वाचणाऱ्याने एक अख्खी ओळ गाळली. बोललो नाही, बोललो असतो तरी पोचलं नसतं. एकमेकांना शांती द्यायच्या वेळी शेजारच्या गृहस्थांनी हात मिळवला, बघत होते पलीकडच्या माणसाकडे. दारात एका बाईंनी छापील कार्ड दिलं, नवीन असाल तर नाव लिहून द्या. म्हटलं, नाही, मी असाच आलो होतो. त्या म्हणाल्या, छान, आणि पुढच्याला कार्ड दिलं.

पुलावर बस बराच वेळ अडकली. उतरून चालत आलो.

ही माझ्याआधी घरी पोचली होती. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं. आज कसं झालं तिकडे?

म्हणाली, छान झालं. गाणी फार छान झाली. शिंपी शेवटपर्यंत झोपला, कोणी उठवलं नाही. सगळ्यांना शांत शांत वाटलं.

म्हटलं, तसं म्हणाले?

हो, म्हणाली. मोठ्या बाई म्हणाल्या, प्लंबर म्हणाला. खोटं कशाला सांगू.

मी बूट काढत बसलो. नाडीची गाठ बसली होती, सुटेना. ती येऊन खाली बसली आणि सोडवायला लागली. सोडवता सोडवता म्हणाली, पुढच्या रविवारी त्यांना आपल्याच चर्चला पाठवा म्हणालेत.

कोण?

सगळेच.

का पण, म्हणून विचारलं.

ते कोणी सांगितलं नाही, म्हणाली.